पुण्यात बसून पाश्चात्य संस्कृतीतला ख्रिस्ती धर्म कसा ओळखायचा

आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. आपण रोज वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर पोप ग्रेगरीने 1582 मधे आणलं, कारण ईस्टरची तारीख सरकत चालली होती. मग रविवार घ्या, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 मधे तो विश्रांतीचा दिवस केला, आणि आपल्याकडे गिरणी कामगारांना तो मिळवून द्यायला नारायण मेघाजी लोखंडे झगडले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं!

आता एक सुट्टी काढून क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला जा, पेशव्यांनी दिलेल्या जागेवर 1792 मधे सुरू झालंय, तिथून गुरुवार पेठेत पंचहौदचं चर्च चालत जाता येतं. आत शांत बसा, प्रार्थना चालू असेल तर फोटो काढू नका प्लीज.

घरी आलात की सेक्युलर देश तपासा. फ्रान्सने 1905 च्या कायद्याने चर्च आणि सरकार वेगळं केलं तरी तिथल्या 11 राष्ट्रीय सुट्ट्यांपैकी 6 ख्रिस्ती सणांच्या आहेत. इंग्लंडमधे उलटं, राजाच चर्चचा प्रमुख आणि 26 बिशप संसदेत बसतात, पण रोजचं जगणं बरंच सेक्युलर. म्हणून नुसता कायदा वाचून मत बनवू नका, सुट्ट्या, शाळा, लग्नं, अंत्यविधी हे पण बघा, आणि ओळखीचं ख्रिस्ती मराठी कुटुंब असेल तर त्यांच्याकडे नाताळात जाऊन निवांत गप्पा मारा.