कॉइल बदलायच्या आधी (गॅरेजला नवीन लागलेल्या पोरांसाठी)

आयटीआय करून नुकतेच गॅरेजला लागलेल्यांसाठी लिहितोय. पेट्रोल गाडी मिसिंग करते (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही), चढाला पिकअप घेत नाही, सिग्नलला उभी असली की थरथरते, अशी कंप्लेंट आली की "कॉइल गेली" (कॉइल म्हणजे प्लगला स्पार्कसाठी हाय व्होल्टेज देणारा भाग) म्हणून मोकळं होऊ नका, कारण प्लग, इंजेक्टर, वायरिंग, कॉम्प्रेशन यातल्या कशानेही गाडी अशीच वागते आणि पैसे गिऱ्हाइकाचे जातात.

आधी स्कॅनर लावा, तो गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड वाचतो. पी०३०३ आला म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर मिस होतोय, बस, कॉइल खराब आहे असं त्यात कुठेच नाही. पी०३५३ आला तर त्या कॉइलचं सर्किट, पण त्यात कपलर (वायर जोडायचा कनेक्टर) आणि वायरपण आली. हल्ली बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते, त्यामुळे सगळ्यात भरवशाची टेस्ट फुकटात होते. तीनची कॉइल एकवर टाका, एकची तीनवर, कोड पुसा आणि राउंड मारून या. आता पी०३०१ आला तर कॉइलच. तीनवरच राहिला तर प्लग बदलून बघा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन, पण एका वेळी एकच गोष्ट हलवायची, नाहीतर कशाने फरक पडला तेच कळत नाही.

मीटरवर फार विसंबू नका. थंड कॉइल ओहममध्ये बरोबर दाखवते आणि इंजिन तापल्यावर दगा देते, आणि ज्या कॉइलच्या आतच ट्रान्झिस्टर असतो तिथे साध्या मीटरला काही कळत नाही.

काढताना इग्निशन बंद, इंजिन गार, आधी एअर मारून कचरा उडवा नाहीतर तो प्लगच्या भोकात जातो. कपलरचं लॉक उष्णतेने कडक झालेलं असतं, हळू दाबा, आणि कॉइल थोडी फिरवून मगच वर ओढा. मग कॉइलचं रबर बूट (प्लगवर बसणारी रबरी नळी) उजेडात धरून नीट बघा. आत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर स्पार्क तिथून बॉडीला पळतोय. बारा व्होल्टचे वीस-तीस हजार व्होल्ट होतात, त्याला तेवढी वाट पुरते, म्हणून तर पावसाळ्यात हा त्रास वाढतो. बूटला ऑइल लागलेलं असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग आधी बदला. प्लगचा गॅप झिजून वाढला असेल तर कॉइलला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून जुन्या झिजलेल्या प्लगवर नवी कॉइल बसवणं मला अजिबात पटत नाही, थोड्या दिवसांत तीपण जाईल.

चालू इंजिनवर कॉइल उपटून स्पार्क बघायची सवय मात्र लावूनच घेऊ नका. झटका बसतोच, शिवाय ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) उडू शकतो. आणि चेक लाइट ब्लिंक होत असेल तर गिऱ्हाइकाला फोनवरच सांगा की गाडी चालवत आणू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धूर साफ करणारा भाग) जाऊन तो जाळतं आणि तो कॉइलच्या कितीतरी पट महाग आहे.

काम झालं की कोड पुसून, इंजिन पूर्ण तापवून, एसी लावून चढावर राउंड मारा, परत स्कॅन करा आणि मगच चावी द्या. जुनी कॉइलपण गिऱ्हाइकाला दाखवा, ती काळी रेघ दाखवली की बिलाबद्दल कोणी वाद घालत नाही.