ज्येष्ठांच्या अंगावरची न दुखणारी गाठ: मर्केल सेल कार्सिनोमाची शंका कधी घ्यावी आणि पुढे काय करावे

घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीच्या अंगावर गाठ दिसली की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘दुखते का?’ उत्तर ‘नाही’ असे आले की सगळे निर्धास्त होतात. मर्केल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगात नेमका हाच प्रश्न फसवतो, कारण ही गाठ बहुधा दुखत नाही, खाजत नाही आणि सुरुवातीला तिच्यातून रक्त किंवा पूही येत नाही. ती फक्त वाढते, आणि भराभर वाढते. म्हणून पहिला प्रश्न ‘किती दिवसांत एवढी झाली?’ हा असावा.

हा आजार अत्यंत विरळ आहे. अमेरिकेत वर्षाला लाखामागे एकाहूनही कमी लोकांना तो होतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये प्रमाण जास्त आहे, तर सावळ्या त्वचेच्या लोकांत ते गोऱ्या लोकांपेक्षा बरेच कमी आहे. त्यामुळे आजोबांच्या पाठीवर वीस वर्षे असलेली मऊ चरबीची गाठ पाहून घाबरण्याचे कारण नाही. मात्र विरळ असल्यामुळेच तो अनुभवी डॉक्टरांच्याही चटकन लक्षात येत नाही. अमेरिकेत १९५ रुग्णांच्या नोंदी तपासून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, बायोप्सीच्या, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याच्या वेळी निम्म्याहून अधिक गाठी डॉक्टरांनी साध्या समजल्या होत्या, बहुतेकदा सिस्ट, म्हणजे त्वचेखालची निरुपद्रवी पिशवीसारखी गाठ म्हणून.

त्याच अभ्यासातून पाच इंग्रजी स्वरांची एक खूण रूढ झाली. ‘ए’ म्हणजे असिम्प्टोमॅटिक, अर्थात त्रास न देणारी गाठ; ‘ई’ म्हणजे एक्स्पांडिंग, तीन महिन्यांच्या आत झपाट्याने वाढलेली; ‘आय’ म्हणजे इम्यून सप्रेशन, रोगप्रतिकारशक्ती दबलेली असणे; ‘ओ’ म्हणजे ओल्डर, वय पन्नाशीच्या पुढे; आणि ‘यू’ म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, सतत उन्हात राहिलेला शरीराचा भाग. त्या रुग्णांपैकी सुमारे ८९ टक्के लोकांत यांतल्या तीन किंवा अधिक खुणा होत्या. पन्नाशी उलटलेल्या माणसांत न दुखणाऱ्या गाठी कितीतरी असतात, म्हणून या पाचांत माझ्या मते सर्वांत जास्त वजन वाढीच्या वेगाला द्यावे.

गाठ दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बसवून पाहावी. मर्केलची गाठ बहुधा घट्ट, घुमटासारखी उंच, वरून तुकतुकीत आणि लालसर, गुलाबी किंवा जांभळट असते. सावळ्या त्वचेवर हा रंग तितका उठून दिसत नाही, तेव्हा बोटाला लागणारा घट्टपणा आणि पृष्ठभागाची चमक यांकडे लक्ष द्यावे. चेहरा, मान, हात ही तिच्या नेहमीच्या जागा. पण झाकलेल्या भागावरही ती येऊ शकते. पापणीवर आली तर ती हमखास रांजणवाडी समजली जाते. नंतर शाळेची पट्टी गाठीशेजारी धरून मोबाइलवर फोटो काढावा आणि तारीख लिहून ठेवावी. पुष्कळजण शेजारी नाणे ठेवतात, परंतु आपल्याकडे एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या आकारांत चालतात, तेव्हा मिलिमीटरची पट्टीच बरी. याचा उपयोग डॉक्टरांना वाढ दाखवण्यासाठी आहे. फोटो काढत महिना-दोन महिने वाट पाहण्यासाठी नव्हे. गाठ आठवड्यांच्या हिशेबाने वाढताना दिसत असेल तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ किंवा सर्जन गाठावा. तोवर ती पिळू नये, सुईने फोडू नये, तिच्यावर चुना किंवा कसलाही लेप लावू नये.

डॉक्टरांना रुग्णाची औषधे आणि जुने आजार आपणहून सांगावेत. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियासारखा रक्ताचा आजार, एचआयव्ही, या गोष्टींनी धोका वाढतो. मात्र शंका आली म्हणून प्रत्यारोपणाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मान, काखा आणि जांघा तपासून घ्याव्यात, कारण हा कर्करोग लवकर लसिकाग्रंथींत, म्हणजे लिम्फ नोडमध्ये उतरतो. पायाला जखम नसताना जांघेत अवधाण आल्यासारखी गाठ लागत असेल तर ते आवर्जून सांगावे. काही रुग्णांत त्वचेवर काहीच सापडत नाही आणि लिम्फ नोडमधली गाठ हीच पहिली खूण ठरते.

निदान बायोप्सीनेच होते. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ या समजुतीपायी आपल्याकडे अनेक घरांत महिने वाया जातात. बायोप्सीमुळे हा आजार पसरत नाही, तो वेळ दवडल्याने पसरतो. याहून वाईट चूक म्हणजे दवाखान्यात गाठ काढून घ्यायची आणि ती तपासायलाच पाठवायची नाही. गाठ कितीही साधी वाटली तरी ती फॉर्मालिनच्या (नमुना टिकवणाऱ्या द्रावणाच्या) बरणीत घालून पॅथॉलॉजीकडे गेली पाहिजे, आणि बरणीवर नाव, तारीख व शरीरावरील जागा लिहिलेली आहे ना, हे नातेवाइकांनी स्वतः पाहावे. शंका मर्केलची असेल तर साध्या स्लाइडवर भागत नाही. या पेशी फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगासारख्या दिसतात, म्हणून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री ही पेशींतली विशिष्ट प्रथिने ओळखणारी जादा तपासणी करावी लागते. मर्केलमध्ये सहसा ‘सीके-२०’ हे प्रथिन पॉझिटिव्ह आणि ‘टीटीएफ-१’ हे निगेटिव्ह येते.

रिपोर्टमध्ये हे नाव आले की घाई करायची ती योग्य ठिकाणी पोहोचण्याची. जवळच्या दवाखान्यात ‘आणखी थोडी मोठी जागा कापून टाकू’ असे कोणी सुचवले तर आधी सेंटिनेल लिम्फ नोड बायोप्सीविषयी विचारावे. गाठीतून लसिका ज्या लिम्फ नोडकडे सर्वप्रथम वाहते तो शोधून तपासण्याची ही पद्धत असून, ती मोठ्या शस्त्रक्रियेबरोबरच करणे योग्य असते. आधीच मोठा भाग काढून टाकला तर लसिकेचा मार्ग बदलू शकतो आणि तपासणीवरचा भरवसा कमी होतो. हाताला काहीही न लागणाऱ्या रुग्णांपैकी जवळपास एकतृतीयांश लोकांच्या सेंटिनेल नोडमध्ये कर्करोगाच्या पेशी सापडतात, म्हणून ही पायरी गाळू नये. आजार आणखी कुठे गेला आहे का, हे पाहण्यासाठी बहुधा पेट-सीटी स्कॅनही सांगितला जातो.

मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय किंवा नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातील कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यातले आपल्या जवळचे केंद्र गाठताना केवळ छापील रिपोर्ट नेऊ नये. पहिल्या प्रयोगशाळेतून पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्याव्यात. ब्लॉक म्हणजे मेणाचा छोटा चौकोनी ठोकळा, ज्यात गाठीचा तुकडा बसवलेला असतो. त्यावरून नव्या ठिकाणी फेरतपासणी होते. तो उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, मेण वितळते.

उपचारांत बहुधा आजूबाजूच्या एक ते दोन सेंटिमीटर निरोगी त्वचेसह शस्त्रक्रिया आणि त्यानंतर रेडिएशन असते. हा कर्करोग रेडिएशनला चांगला दाद देतो. वयामुळे भूल झेपणार नसेल तर केवळ रेडिएशनचाही विचार होतो. शरीरात दूरवर पसरलेल्या आजारासाठी पूर्वी केमोथेरपीच होती, पण तिचा परिणाम फार टिकत नसे. अमेरिकेत २०१७ मध्ये ॲव्हेलुमॅब आणि २०१८ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध लढायला लावणाऱ्या औषधांना मर्केलसाठी मान्यता मिळाली. पेम्ब्रोलिझुमॅबच्या सुरुवातीच्या चाचणीत निम्म्याहून अधिक रुग्णांना गुण आला आणि अनेकांत तो टिकला. ही औषधे महाग आहेत, त्यामुळे किती डोस, किती खर्च आणि कोणत्या योजनेतून मदत मिळेल, हे रुग्णालयातील समाजसेवा विभागात पहिल्याच भेटीत विचारण्यात संकोच करू नये. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात या औषधांमुळे शरीर बसवलेला अवयव नाकारण्याची भीती असते, म्हणून निर्णय कर्करोगाच्या आणि प्रत्यारोपणाच्या, अशा दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यावा लागतो.

घरात हमखास निघणारा एक प्रश्न संसर्गाचा. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांना २००८ मध्ये या गाठींत एक नवा विषाणू सापडला. अमेरिकेतल्या सुमारे ८० टक्के गाठींत तो आढळतो, उरलेल्या मुख्यतः उन्हाने झालेल्या जनुकीय बिघाडातून येतात. पण हा विषाणू बहुतेक निरोगी प्रौढांच्या त्वचेवरही असतोच, आणि कर्करोग एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाचे ताट, पांघरूण, टॉवेल वेगळे करू नयेत.

आजार उलटतो तो बहुधा पहिल्या तीन वर्षांत. या काळात दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नये. घरीही महिन्यातून एकदा आंघोळीनंतर जुन्या व्रणाभोवतीची त्वचा, त्या बाजूची मान, काख किंवा जांघ बोटांनी चाचपून पाहावी, आणि नवी घट्ट गाठ लागली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात रुग्णालयात दाखवावी.