जुनी व्हॅन मिसिंग मारतेय? पार्ट बदलायच्या आधी कोणता सिलिंडर झोपलाय ते शोधा

ओम्नी किंवा ईको, बरीच वर्षं माल वाहून झालेली, सीएनजी किट लावलेली, आणि आता सिग्नलला उभी राहिली की थरथरते, ठाण्याच्या गायमुखच्या चढावर भरलेल्या मालासकट दम टाकते आणि मध्येच झटका देते. गॅरेजला नेली की पहिलं वाक्य ठरलेलं, "प्लग बदलून टाकू". प्लग बदलले की चार दिवस बरी चालते, कधी तेवढीही नाही, मग कॉईल (ठिणगीचा करंट तयार करणारी), मग इंजेक्टर क्लिनिंग, आणि शेवटी "ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) दाखवावा लागेल". खिसा रिकामा आणि मिसिंग (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) जिथल्या तिथे. यातलं निम्मं शोधकाम घरी पार्किंगमध्ये करता येतं, फक्त क्रम पाळायचा आणि शोधून होईपर्यंत एकही पार्ट विकत घ्यायचा नाही.

आधी मिसिंगच आहे ना ते बघा. ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं, ते थोडं हलणारच, ईकोचं चार सिलिंडरचं त्यामानाने शांत. इंजिन माउंटिंगचं रबर फाटलं तरी अख्खी गाडी हलते, पण तेव्हा सायलेन्सरचा आवाज एकसारखा असतो. मिसिंगमध्ये सायलेन्सरच्या मागे हात धरला (लांबून, चटका बसतो) की फुंकर तुटक येते, फुक-फुक-गॅप-फुक, आणि तो गॅप ठरावीक वेळाने येत असेल तर एकच सिलिंडर गेलाय, कसाही कधीही येत असेल तर गडबड सगळ्यांना मिळणाऱ्या गोष्टीत आहे, म्हणजे पेट्रोल, गॅस, हवा किंवा अर्थिंग.

आता फुकटची टेस्ट, आणि सीएनजी गाडीवाल्यांना याचं महत्त्व कोणी सांगत नाही. स्विच पेट्रोलवर टाका, इंजिन गरम होऊ द्या, चालवून बघा. मग गॅसवर टाका, तोच रस्ता, तोच लोड. फक्त गॅसवर मिस मारते आणि पेट्रोलवर लोण्यासारखी चालते? तर पहिला संशय इग्निशनवर घ्या, कारण गॅस पेटवायला जास्त जोराची ठिणगी लागते आणि दमलेला प्लग किंवा वायर पेट्रोलवर निभावून नेते पण गॅसवर उघडी पडते. प्लग-वायर ठीक निघाले तरच गॅसचा फिल्टर, रिड्यूसर (गॅसचं प्रेशर कमी करणारा), गॅसचे इंजेक्टर याकडे जायचं, आणि ते काम किटवाल्याचं, घरी हात लावू नका. फक्त पेट्रोलवर मिस मारत असेल तर कारण बहुतेक हे, की गाडी महिनोन् महिने गॅसवरच चालली, टाकीत तळाला थोडं पेट्रोल पडून राहिलं, इंजेक्टरमध्ये चिकटा बसला. त्यात आताचं पेट्रोल ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं, इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप त्या हिशोबाने बनवलेलेही नसतात, म्हणून पाइप कडक झालेत का, चिरलेत का तेही बघून घ्या. दोन्हीवर सारखीच मिस मारत असेल तर फ्युएल विसरा, इग्निशन, हवेची गळती किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब), या तिघांतलं एक.

मिस कधी मारते तेही लिहून ठेवा, खरंच कागदावर. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) हलते पण रेस दिली की गुळगुळीत होते, तर कुठून तरी फालतू हवा आत जातेय. आयडलला ठीक पण मुंब्रा बायपासच्या चढावर किंवा ठाणे-बेलापूर रोडच्या फ्लायओव्हरवर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की झटके, तर प्लग, वायर, कॉईल किंवा पेट्रोलचं प्रेशर. पावसात किंवा गाडी धुतल्यावरच, तर कुठेतरी करंट लीक होतोय.

चेक इंजिनचा दिवा लागत असेल तर स्कॅनर लावा, ब्लूटूथवाला साधा ओबीडी स्कॅनर (ईसीएममधले बिघाडाचे कोड वाचणारा) मोबाईलला जोडता येतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, ०३०२ दुसरा, असं पुढे, आणि पी ०३०० म्हणजे कोणता ते नक्की नाही. पी ०१७१ सोबत आला तर मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), हवेची गळती किंवा पेट्रोल कमी पडतंय. कोड हा फक्त पत्ता आहे, त्या पत्त्यावर प्लग राहतो की व्हॉल्व्ह हे तो सांगत नाही, त्यामुळे कोड बघून कॉईल मागवणाऱ्यापासून लांब राहा. आणि दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा भाग) जाऊन जळतं आणि तो लालबुंद होऊन वाया जातो, त्याची किंमत प्लगसारखी नसते. फार जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या ओम्नीत स्कॅनरचा विषयच नाही.

स्कॅनर नसेल तर झोपलेला सिलिंडर शोधायची जुनी पद्धत. दोन्ही गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली, सीट उचलली की समोर. ओढणी, सैल बाही, लटकती चेन लांब ठेवा, पट्टा तिथेच फिरतो. गॅसचा वास येत असेल तर आधी सीएनजीच्या टाकीचा हाताने बंद करायचा वॉल्व्ह बंद करा आणि पुढचं काही करू नका. इंजिन बंद असताना एका सिलिंडरचा इंजेक्टर किंवा कॉईलचा प्लास्टिकचा कनेक्टर काढा, पेट्रोलवर चालू करा, ऐका, बंद करा, परत लावा, मग पुढचा. ज्याचा कनेक्टर काढल्यावर इंजिन आणखी लंगडं होतं तो सिलिंडर कामाचा, ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही तोच आळशी. चालू गाडीत हाताने प्लगची वायर उपटायची पद्धत बऱ्याच ठिकाणी अजून चालते, ती करू नका, हजारो व्होल्टचा फटका बसतो, आणि नव्या गाड्यांत कॉईलही उडते. प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर चालवू नका, कारण मगाशी सांगितलं तेच, कन्व्हर्टर.

दुसरी पद्धत, सकाळी गाडी पूर्ण थंड असताना. चालू करा, साधारण मिनिटभर थांबा, आणि एक्झॉस्टचे पाइप जिथे इंजिनमधून निघतात तिथे प्रत्येकावर बोटाने पाण्याचा एक थेंब उडवा. बाकी पाइपांवर थेंब चर्र करून उडाला आणि एकावर ओघळत खाली गेला, तर शोध संपला. व्हॅनमध्ये हात पोचायला जरा कसरत लागते, बिनस्पर्शाचा थर्मामीटर असेल तर आणखी सोपं.

सिलिंडर सापडला की त्याचा प्लग काढा, इंजिन थंड असतानाच. काढण्याआधी प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारा, तिथे ऑइल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलंय आणि ठिणगी त्या ऑइलमधून पळतेय, पाणी असेल तर सर्व्हिस स्टेशनवाल्याच्या प्रेशर पंपाची कृपा. प्लगचं टोक फिकट तपकिरी म्हणजे तब्येत चांगली. कोरडं काळं म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर चोक. पेट्रोलने ओलं म्हणजे ठिणगीच पडत नाही. ऑइलने काळं-चिकट म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. एकदम पांढरं, फोड आलेलं म्हणजे इंजिन तापतंय किंवा मिश्रण पातळ. पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट टोकापर्यंत न जाता तिथून बाहेरून उतरतोय, प्लग आणि त्यावरचं रबरी बूट दोन्ही बदला, एकटा प्लग बदलला तर बुटातली रेघ नव्या प्लगला तेच करते.

आता अदलाबदल. वाईट सिलिंडरचा प्लग चांगल्यात टाका, चांगल्याचा वाईटात, आणि बघा मिसिंग जागा बदलते का. बदलली तर प्लग. नाही बदलली तर मग कॉईल, वायर, त्याच पद्धतीने, पण एका वेळी एकच वस्तू, दोन एकदम हलवल्या की कळणार नाही कोण चोर. यात खर्च शून्य.

वायरवाली गाडी (कॉईलपासून प्लगपर्यंत जाड वायर असलेली) असेल तर रात्री सोसायटीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सीट उचला, इंजिन चालू, आणि स्प्रेच्या बाटलीने वायरींवर लांबून पाण्याचा हलका फवारा मारा (हात लांब, काही पकडू नका, आणि गॅसचा वास नाही ना याची खात्री करून). वायर फुटली असेल तर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात, टिकटिक ऐकू येते. तुर्भे-महापेच्या पाण्यातून जाणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं, कारण रस्त्यावरचं पाणी खालून थेट इंजिनवर उडतं. जुन्या डिस्ट्रिब्यूटरवाल्या (प्रत्येक प्लगला करंट वाटून देणारा भाग) ओम्नीत कॅप काढून आत ओल, चीर, जळलेले पॉइंट बघा.

बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिनवरून बॉडीला जाणारी अर्थची वायर सोडून, घासून, घट्ट लावा. ठाणे-नवी मुंबईच्या खाडीच्या हवेत गंज लवकर धरतो, आणि हे काम पाच मिनिटांचं.

हवेच्या गळतीसाठी इनटेकच्या सांध्यांवर आणि छोट्या रबरी पाइपांवर थोडं-थोडं पाणी शिंपडा, जिथे शिंपडल्यावर आयडल क्षणभर बदलतं तिथे गळती. काही जण इथे पेट्रोल शिंपडतात, गरम इंजिनवर, त्यांना नमस्कार.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर कॉम्प्रेशन तपासायचं, आणि इथे गॅरेज लागेल, पण काय मागायचं ते माहीत असू द्या. सगळे प्लग काढलेले, पेट्रोल आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, प्रत्येक सिलिंडरवर सारखाच सेल्फ. आकडा किती यापेक्षा एकमेकांत फरक किती ते बघा, दहा-पंधरा टक्क्यांच्या वर फरक म्हणजे दुखणं. कमी असलेल्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं आणि आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी तर हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग), सोबत कूलंटही कमी होत असेल. सतत गॅसवर चालणाऱ्या गाडीत व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) गॅप संपतो, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, म्हणून हेड उघडायच्या आधी टॅपेट चेक करायला सांगा, ओम्नीत तो स्क्रूने सेट होतो आणि नशीब असेल तर तेवढ्यावर निभावतं.

पार्ट घ्यायची वेळ आली की प्लगचा नंबर गाडीच्या पुस्तकातून बघून घ्या आणि सेटच बदला, डुप्लिकेट प्लग बाजारात भरपूर, पॅकिंग हुबेहूब असतं, त्यामुळे ओळखीच्या दुकानातून पक्कं बिल घेऊनच. नवा प्लग आधी बोटांनी फिरवत बसवा, थेट पान्याने नाही, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले तर प्लगचं काम हेडच्या कामात जातं. मग कोड पुसा, माल भरा, आणि ज्या चढावर मिस मारत होती त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, आधी पेट्रोलवर आणि मग गॅसवर नेऊन बघा.