ग्रॅव्हल बाइक आणि बाभळीचे काटे
माळावर, बांधावरून ग्रॅव्हल बाइक (खडी-मातीच्या वाटांसाठीची सायकल) चालवायची तर बाभळीचे काटे ठरलेलेच. टायर ट्यूबलेस करून आत सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घालणं हा त्यावर सर्वांत खात्रीचा उपाय. पण आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं. म्हणून दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्ह खाली आणा, हवा सोडा, कोअर (व्हॉल्व्हच्या आतला काढता येणारा भाग) काढून पातळ काडी आत घाला. कोरडी निघाली तर सीलंट भरा.

काटा रुतलेला दिसला की उपटायची घाई नको. हवा टिकत असेल तर तसेच घरी या. मग तो भाग खाली करून काटा काढा, म्हणजे सीलंट भोकापाशीच साचतं.

ट्यूबवाल्यांनी नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून चिंधीने पुसावं. काट्याचं मोडकं टोक आत राहिलेलं असतं, चिंधीचा धागा तिथेच अडकतो. बोटाने मात्र चाचपू नका!