स्वस्तात खरा आवाज देणारे स्पीकर कसे शोधायचे

फोंड्यात मी ध्वनिव्यवस्थेचं काम करतो. देवळातली भजनं, चवथीच्या आरत्या, जत्रेतली नाटकं, सगळीकडे. त्यामुळे घरी गाणं ऐकायला स्पीकर घ्यायचे झाले की ओळखीचे लोक मला विचारतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला: किती वॅटचे घेऊ? वॅट बाजूला ठेवा. पैसे नेमके कशाला पडतात ते आधी बघू.

महागड्या स्पीकरची किंमत मुख्यतः तीन गोष्टींत जाते. अगदी खालचा खर्ज, मोठ्या जागेत न फाटता पोचणारा आवाज, आणि पेटीची सुतारकी व पॉलिश. बारा बाय चौदाच्या खोलीत दोन-अडीच मीटरवर बसून ऐकणाऱ्याला यातलं फार थोडं लागतं. त्याला हवा असतो स्वराचा खरेपणा: तानपुरा तानपुऱ्यासारखा आणि गायिकेचा आवाज तिच्यासारखा. हा गुण आज कमी पैशांत मिळतो, फक्त तो ओळखता आला पाहिजे.

ओळखायचा कसा, याचं उत्तर फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांच्या कामात आहे. आधी कॅनडात आणि पुढे हार्मन कंपनीत त्यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले. किंमत आणि रूप दिसेनासं झालं की पसंती बदलते, हे त्यातून दिसलं. लोकांना आवडले ते समोरून सपाट प्रतिसाद देणारे, म्हणजे खालचे-वरचे सगळे स्वर सारख्याच जोराने वाजवणारे, आणि बाजूंना तोच आवाज हळूहळू, एकसारखा कमी होत जाणारे स्पीकर. खोलीत आपण ऐकतो त्यातला बराच आवाज भिंतींवरून परतून येतो, म्हणून बाजूला जाणारा आवाज बिघडलेला असेल तर समोरचा कितीही चांगला असून भागत नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी त्या मॉडेलचा स्पिनोरामा, म्हणजे स्पीकर समोरून आणि बाजूंना कसा वाजतो ते रेघांनी दाखवणारा आलेख, शोधा. बऱ्याच स्पीकरांची स्वतंत्र मोजमापं आता नेटवर मोफत मिळतात. वरची रेघ आडवी आणि खालच्या रेघा एकसारख्या उतरत्या असाव्यात. दोन ते तीन किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे वूफरकडून (खालचे स्वर वाजवणारा मोठा कोन) ट्वीटरकडे (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) आवाज जातो तिथे, बाजूच्या रेघेत खड्डा आणि लगेच उंचवटा दिसला तर तो स्पीकर सोडून द्या. गायकाचा आवाज तिथेच टोचतो.

जेबीएलचा ३०५पी मार्क टू हा पाच इंची वूफरचा स्पीकर याचं चांगलं उदाहरण. त्याच्या ट्वीटरभोवतीचा पसरट खोलगट भाग, म्हणजे वेव्हगाइड, त्याच कंपनीच्या एम-टू या कितीतरी महाग स्टुडिओ मॉनिटरच्या संशोधनातून आला आहे. अँप्लिफायर आतच असतो, वेगळा घ्यावा लागत नाही. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो: ट्वीटरमधून बारीक सळसळ येते. रात्री टेबलावर हातभर अंतरावर ठेवून ऐकणार असाल तर ती जाणवेल, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलात तर नाही. स्पीकर घडवणारे अभियंते अँड्र्यू जोन्स यांचंही काम पाहण्यासारखं आहे. टीएडी कंपनीसाठी ६०,००० डॉलरांच्या वरची जोडी करणाऱ्या याच माणसाने पायोनियरसाठी दीडशे डॉलरांच्या आतली जोडी केली, आणि पुढे एलॅकची डेब्यू मालिका. चांगला अभियंता स्वस्त पेटीतही आपलं ज्ञान ओततो.

आता ऐकण्याची परीक्षा. केसरबाई केरकर आमच्या केरीच्या, माझं त्यांच्यावर अपार प्रेम, पण त्यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या परीक्षेला घेऊ नका. त्यांत खर्जही कमी आणि वरचे स्वरही कमी, त्यामुळे बरावाईट कुठलाही स्पीकर सारखाच वाटतो. अलीकडचं स्वच्छ ध्वनिमुद्रण घ्या आणि तीन जागा ऐका. तानपुऱ्याची जवारी: तारेचा गुंजारव सुटा सुटा ऐकू यावा, नुसती भुणभुण नको. डग्ग्याची घुमारी: हाताच्या दाबाने सूर वर चढतो तो चढ कळावा, नुसता धप्प आवाज आला तर पेटीच घुमते आहे. तिसरी जागा म्हणजे गायिकेचा ‘स’. तो शिट्टीसारखा झाला तर नको. मग उठून खोलीत बाजूला चालत जा. आवाज हळू व्हावा, पण त्याचा रंग बदलू नये.

दोन स्पीकरांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. एक डेसिबल जास्त वाजणारा स्पीकर कानाला मोठा वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. फोनवर साउंड मीटरचं अ‍ॅप घ्या, पिंक नॉइझ (सगळे स्वर मिसळलेला चाचणीचा सळसळाट) लावा, फोन बसायच्या जागी ठेवून दोन्ही समान करा. दुकानदार घाई करत असेल तर दुसऱ्या दुकानात जा.

जुने स्पीकर घेतले तर पैसे आणखी वाचतात, पण गोव्याच्या हवेत डोळे उघडे हवेत. पावसाळ्यातल्या दमटपणाने कोनभोवतीची फोमची कड कुजते, बोट लावताच भुगा पडतो. रबरी कड पुष्कळ टिकते. पेटी उलटी करून तळाच्या कडा बघा, ओल शिरली असेल तर एमडीएफ फुगलेला दिसतो. मागच्या टर्मिनलवर हिरवा गंज असला तर किनाऱ्याजवळचा माल समजा. हंगाम संपल्यावर शॅक आणि बारमधून निघालेला माल विकायला येतो, तो रात्र रात्र पूर्ण आवाजात वाजलेला असतो. अशा वेळी चारही बोटं कोनवर समान टेकवून हलकेच आत दाबा. आतून खरखर आली तर व्हॉइस कॉइल, म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी, जळलेली किंवा सरकलेली आहे. विकणारा कितीही ओळखीचा असो, नको म्हणा.

घरी आणल्यावर जागेचा विचार करा. मागची भिंत स्पीकरच्या तोंडापासून ८६ सेंटिमीटरवर असेल तर तिथून परतणारा आवाज १०० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खातो, आणि डग्गा पातळ होतो. स्पीकर पुढे-मागे सरकवून ऐका, फरक लगेच कळतो. आपल्या घरांत चिऱ्याच्या भिंती आणि लाद्या, टाळी वाजवली तर झणझण उठते. जाड जाजम, पडदा आणि भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट, एवढ्याने जो फरक पडतो तो महाग वायरने पडत नाही. वायर साधी, पण जाड तांब्याची घ्या.

पाच इंची वूफरला खालचा खर्ज झेपत नाही, हे खरंच. गायन, हार्मोनियम, तबला ऐकणाऱ्याला त्याची उणीव फारशी भासत नाही. भासली तर वर्षभराने सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर, जोडा, ८० हर्ट्झच्या खालचाच आवाज त्याच्याकडे जाऊ द्या, आणि त्याचा आवाज इतकाच ठेवा की तो बंद केल्यावरच त्याचं असणं कळेल.