जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह सेडान घेताना आधी टायर बघा

जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह सेडान, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी, बघायला जाल तेव्हा टायरची नक्षी मोजायचं मापक खिशात असू द्या. बॉनेट नंतर उघडा. मी आधी चारही टायरपाशी उकिडवा बसतो, प्रत्येकावर आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी खोली मोजतो आणि आकडे कागदावर लिहून घेतो. माझी २०११ ची सुबारू लेगसी मी अशीच निवडली. त्याआधी दिसायला तिच्याहून कितीतरी छान असलेल्या गाड्या फक्त टायर बघून सोडल्या.

याचं कारण गाडीच्या रचनेतच आहे. वळणावर चारही चाकं वेगवेगळं अंतर कापतात. पुढची जोडी मोठ्या वर्तुळातून जाते, मागची लहान. साध्या गाडीत इंजिनाची ताकद एकाच जोडीला मिळते, दुसरी नुसती फिरत असते, त्यामुळे काही बिघडत नाही. इथे दोन्ही जोड्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यांच्यातला फरक मधलं डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) किंवा क्लच सांभाळून घेतो. वळणापुरतं ते ठीक. पण तीन टायर झिजलेले आणि एक कोरा असेल, तर कोऱ्याचा घेर मोठा, म्हणून तेवढ्याच अंतराला त्याच्या फेऱ्या कमी. मग सरळ रस्त्यावरही मधला क्लच सतत घसरत राहतो. घसरला की तापतो, आणि तापत राहिला की आधी तेल खराब होतं, मग क्लचच्या प्लेटा.

सुबारू चारही टायरच्या घेरातला फरक पाव इंचाच्या, म्हणजे ६.४ मिमीच्या आत ठेवायला सांगते. घेर त्रिज्येच्या सव्वासहा पट असतो, म्हणजे नक्षीच्या खोलीत जेमतेम १ मिमी फरक चालतो. नवा टायर साधारण ८ मिमी नक्षीचा येतो. तीन टायर निम्मे झिजलेले असताना चौथा कोरा घातला, की फरक ४ मिमी, चालतो त्याच्या चौपट. अशी गाडी आधीचा मालक किती दिवस पळवत होता ते कुणीच सांगू शकत नाही, म्हणून मी ती घेत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. चारही तारखा जवळजवळच्या, कंपनी एक, नक्षी एक, असं दिसलं की पुढे बोलायला हरकत नाही. चारही टायर अगदी कोरे असले तरी मी विचारतोच, जुने कधी आणि का काढले?

मग टेस्ट ड्राइव्ह. गाडी वीसेक मिनिटं चालवून चांगली गरम होऊ द्या, कारण मधल्या क्लचचं दुखणं थंड गाडीत लपतं. मग कोरडी, डांबरी किंवा काँक्रीटची मोकळी जागा शोधा. खडीवर किंवा ओल्या मातीवर ही तपासणी करू नका, तिथे चाकं घसरून फरक भरून काढतात आणि काहीच कळत नाही. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि एक्सलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, गाडीला आपल्या आपण गोल फिरू द्या. मग दुसऱ्या बाजूला. चांगली गाडी मोकळेपणाने फिरते. हँडब्रेक अर्धवट ओढल्यासारखी ती अडखळली, पुढून हिसके आले, टायर चिरकले, तर पुढची नि मागची चाकं एकमेकांशी झगडत आहेत असं समजा. काही गाड्यांत नुसतं तेल बदलून हे बरं होतं, पण त्या आशेवर गाडी घेऊ नये.

ही रचना सगळ्या गाड्यांत एकसारखी नसते. ऑडीच्या ए४ क्वाट्रोमध्ये बरीच वर्षं मध्ये टॉर्सन हे निव्वळ यांत्रिक डिफरन्शियल होतं. बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्ह गाड्यांत ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत, प्लेटांचा क्लच असतो. व्होल्वो एस६० आणि स्कोडा ऑक्टेव्हियाच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत मागच्या डिफरन्शियलपाशी हॅल्डेक्स क्लच बसवलेला असतो, तो गरज पडली की मागच्या चाकांना ताकद देतो, आणि त्याचं तेल वेळच्या वेळी बदलावं लागतं. हॅल्डेक्सचा त्रास असा, की तो बंद पडला तरी गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर व्यवस्थित चालते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. म्हणून एका माणसाला बाहेर उभं करा, ओल्या गवताच्या किंवा खडीच्या चढावर गाडी थांबवा आणि जरा जोरात सुटा. पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरली आणि मागच्यांनी काहीच जोर लावला नाही, तर मागचा भाग झोपलेला आहे.

आता लिफ्ट. गॅरेजवाल्याला थोडे पैसे देऊन गाडी वर घ्याच. चाकांच्या शाफ्टवरचे रबरी बूट फाटलेत का, आजूबाजूला ग्रीस उडालंय का ते बघा. लेगसीत पुढचा आतला एक बूट एक्झॉस्टच्या अगदी जवळ असतो, उष्णतेने तो लवकर तडकतो आणि ग्रीस गरम पाइपावर पडून जळका वास येतो. मधल्या लांब शाफ्टला आधार देणारं बेअरिंग हाताने हलवून बघा. विकणाऱ्याची तयारी असेल तर मागच्या डिफरन्शियलचं तेल काढायला लावा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडं, मऊ लोण्यासारखं लिंपण दिसेल, ती नेहमीची झीज. बोटांत चोळल्यावर टोचणारे चकचकीत तुकडे लागले तर आतल्या गिअरचे दात गेलेत.

इंजिनाबद्दल थोडक्यात. सुबारूच्या ईजे२५ इंजिनात, विशेषतः १९९९ ते २००९ च्या सुमाराच्या गाड्यांत, हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलमधून) तेल किंवा कूलंट पाझरतं, ते इंजिनाच्या दोन्ही बाजूंना खालून बघावं लागतं. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती मागा. अमेरिकेतल्या वेळापत्रकात तो १,०५,००० मैलांवर, म्हणजे सुमारे १,६९,००० किलोमीटरवर बदलायचा असतो. लेगसीत २०१३ पासून बेल्टच्या जागी चेन आली.

घरी आणल्यावर काय? मागच्या सीटच्या मधोमध शाफ्टसाठी उंचवटा असतो. आमची मुलगी त्याच्या दोन्ही बाजूंना पाय सोडून बसते, मोठ्या माणसाला लांबच्या प्रवासात तिथे बसवू नका. इंधन साध्या सेडानपेक्षा जास्त जातं, ते धरूनच चाला. घर भरून माणसं, डिकीत सामान आणि पावसात निसरडा चढ, अशा वेळी गाडी ज्या शांतपणे सुटते, त्यासाठी मला हा खर्च मनापासून पटतो. पण ब्रेक मारताना या रचनेची काही मदत नाही, थांबायला तेवढंच अंतर लागतं. सुटताना पकड चांगली म्हणून वेग वाढवू नका, घरातली माणसं मागे बसलेली असतात.

टायर दर दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे करून घ्या आणि चारही बाद झाले की एकदमच बदला. एकच टायर फाटला तर बाकीच्या तिघांएवढा झिजलेला, त्याच नक्षीचा टायर शोधा, किंवा काही टायरवाले कोरा टायर घासून त्या मापाचा करून देतात, तसा करून घ्या. आणि रस्त्यात बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढणारी टोइंगची गाडी परत पाठवा. चारही चाकं वर घेणारा सपाट ट्रकच मागवा, कारण दोन चाकं जमिनीवर फिरत राहिली तर क्लच आणि गिअरबॉक्सचं नुकसान होतं.