श्रीलंकेत विहारदर्शनाला जाताना

श्रीलंकेत सुमारे 70 टक्के लोक बौद्ध आहेत, बहुतेक सिंहली. तमिळ हिंदू, मुस्लिम, ख्रिस्तीही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. विहारात खांदे-गुडघे झाकणारे, शक्यतो पांढरे कपडे घाला. चपला आणि टोपी बाहेरच ठेवा. अनुराधपुरात दुपारी फरशी इतकी तापते की तळपाय भाजतात. सकाळी लवकर जा किंवा मोजे घाला, ते चालतात. कँडीच्या दळदा मालिगावात, म्हणजे बुद्धाचा दंतधातू (दाताचा अवशेष) जपलेल्या मंदिरात, पूजेच्या वेळीच गाभाऱ्याचं दार उघडतं. तेव्हाही दिसते ती करंडकपेटी, दंतधातू नव्हे. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, लोक मनापासून दुखावतात. पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सार्वजनिक सुट्टी आणि दारूविक्री बंद. विहारांत मात्र प्रचंड गर्दी असते.